मानेचा वाटा

लुंबान सिलो,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय हापोसान,

तुझ्या जागी अजून पाळक आलेला नाही. येईल असं वाटतही नाही. तळ्याच्या या बाजूला बोट आठवड्यातून एकदाच लागते हे कळलं की तरुण पाळकांच्या आया आजारी पडतात.

हे तुला परत बोलावणं नव्हे. मंडळी कशी चालली आहे ते तुला कळावं, एवढ्यासाठी लिहितो. चांगली चालली आहे.

तू गेल्यावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या आम्हा सिंतुआंमध्ये मुख्य कोण यावरून वाद झाले. गिंडो म्हणाला, चर्चला जमीन त्याच्या कुळानं दिली. दुसरे म्हणाले, वयाचा मान बघा. शेवटी ठरलं की मंडळीचं मस्तक ख्रिस्त, तेव्हा मुख्याची जागाही त्याचीच. वेदीपुढं फणसाच्या लाकडाची एक खुर्ची ठेवली आहे, तोंड मंडळीकडं करून. बायकांनी विणलेला मानाचा उलोस तिच्या पाठीवर शालीसारखा घातला आहे. तिच्यात कुणी बसत नाही. सभेत प्रश्न तिच्यापुढं मांडतो, गप्प राहतो, आणि उत्तर कळतं. पूर्वी दुपारभर चालणारी भांडणं आता एका गीताएवढ्या वेळात मिटतात.

जेवणावळीत मांसाचं पहिलं जांबारही खुर्चीला. डुकराचा वरचा जबडा. थोराचा वाटा म्हणून आजवर तो ज्याच्या त्याच्या पानात ओढला जायचा. आता ओढाताण नाही.

मागच्या भिंतीत तू पाडलेलं दार अजून आहे. स्वयंपाकाच्या छपरातला धूर सरळ आत येतो, गाताना बायका खोकतात. ते बुजवायचं गिंडोच्या मनात आहे. तू ते का पाडलंस, कुणालाच कळलं नाही.

एक लहानशी गोष्ट. रविवारी खुर्चीची बैठक ओली असते. छप्पर गळत नाही, मी वर चढून पाहिलं.

पोरगी दुमारिस बरी आहे.

तुझा भाऊ,
मारिहोत


लुंबान सिलो,
४ मार्च

हापोसान,

बोटीनं तुझं काही आलं नाही. कालिमांतानच्या जंगलात लाकूडतोड्यांच्या पाळकाला काम जास्त असेल.

उत्तर कसं कळतं, असं तू विचारशील. आम्ही डोळे मिटतो. तळ्याचं पाणी काठाला लागतं ते ऐकू येतं. मग कुणीतरी म्हणतं, “रुकार आहे.” आणि सगळ्यांना वाटतं, हो, आहे. कधी नकार असतो. तोही तसाच कळतो.

शुक्रवारी गिंडोच्या नातीचं लग्न झालं. खुर्चीपुढं जबडा ठेवला. पंगती उठल्या तरी तो तसाच होता. चरबी थिजून पांढरी झाली. माश्या बसल्या नाहीत. गिंडो म्हणाला, “बघ, माश्यांनासुद्धा पायरी कळते.” मला ते बरं वाटलं नाही. ज्याच्यावर माशी बसत नाही असं मांस मी पूर्वी पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी, भर दुपारी, बायका ताटं धुवायला मागच्या छपरात गेल्या, तर ताटं धुतलेली. घासून, विसळून, पालथी रचलेली. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं धुतली. तिथली मुकादम अजून गावाची आजी, ओप्पुंग तिओरिदाच आहे. म्हातारीचे दात गेले, जीभ शाबूत आहे. तिनं एक ताट नाकाशी नेलं.

“राखेनं घासलंय,” ती म्हणाली. “म्हणजे यांच्यातली कुणी नव्हे. या बायांना साबणाशिवाय हात ओले करता येत नाहीत.”

पोरी हसल्या. मग एकेक करून हसायच्या थांबल्या.

खुर्ची अजून ओली असते. या रविवारी तिच्या हातावर राखेनं भरलेल्या बोटांचे डाग होते. सिंतुआ म्हणतात, कुणीतरी बसतो. ज्याचे हात पाण्यात आणि राखेत असतात असा कुणीतरी. चुलीपाशी राबणाऱ्यांपैकी.

नाव घेत नाही. अजून काही ठरलेलं नाही.

मारिहोत


लुंबान सिलो,
२५ मार्च

हापोसान,

नाव तुंगकोतचं घेतात.

दुमारिसनं तुला आधीच कळवलं असेल. लहानपणीही गाऱ्हाणं घेऊन ती बापाकडं यायची नाही, काकाकडं जायची. आता माझ्याशी बोलत नाही. माझं ताट वाढते आणि दाराकडं तोंड करून उभी राहते.

मी काय करू? तुंगकोत माझा जावई. त्याची बाजू घेतली तर म्हणतील, घरचा म्हणून घेतली. आणि आरोप करणारा गिंडो, माझ्या बायकोचा भाऊ. ज्या घरची मुलगी आपण आणली त्या घरच्या माणसापुढं आवाज चढवायचा नसतो. ती नाही आता, पण तिचं घर आहे. तुंगकोत तर घरजावई. परक्या कुळाचा, स्वतःची जमीन नसलेला, माझ्या भातात राबणारा, गावच्या प्रत्येक कार्यात चुलीपाशी. गिंडो म्हणतो, असल्यालाच एक दिवस खुर्चीत बसावंसं वाटतं.

मी तुंगकोतला विचारलं. तो लाकडं फोडत होता.

“बसलास का?”

“कुठं, अमांग?” त्यानं अदबीनं विचारलं.

“कुठं ते तुला ठाऊक आहे.”

“आज मी एकदाच बसलो. तुमच्या घरी, जेवायला. तेही दुमारिसनं भात संपला म्हणून उठवलं.”

“थट्टा नको.”

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यावर टेकली. “अमांग, एक सांगू? लग्नाच्या दिवशी मोठी कढई उतरवायची होती. दोघांचं काम. मी हाका मारल्या, कुणी येईना. म्हणून एक कान धरून नुसती हलवून पाहिली. दुसरा कान उचलला गेला.”

“कुणी उचलला?”

“वाफ होती. हात दिसले. मला वाटलं, आलं कुणीतरी. मी म्हटलं, सांभाळ रे, भाजेल. तो काही बोलला नाही. कामाची माणसं बोलत नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.”

“घाबरला नाहीस?”

“कढई खाली ठेवली, तेव्हा घाबरलो. तोवर हात अडकलेले होते.”

मी हे सभेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं?

त्यानं कबूल केलं तर मंडळीपुढं माफी मागायची. नाही केलं तर उत्तम शुक्रवारचं प्रभुभोजन बंद. तो म्हणतो, जे केलंच नाही ते कबूल कसं करू? प्रभुभोजनातून काढलेल्या माणसाला इथं कुणी पंगतीला घेत नाही, त्याच्या घरचं प्रेत कुणी उचलत नाही, हे तुला सांगायला नको. त्यांना गाव सोडावं लागेल. दुमारिस त्याच्याबरोबर जाईल. मग या घरात मी आणि घड्याळ.

ताटं पुन्हा धुतलेली सापडली. आता त्याबद्दल कुणी बोलत नाही. बायका जोडीजोडीनं छपरात जातात.

मारिहोत


लुंबान सिलो,
९ एप्रिल

हापोसान,

तुझं कार्ड मिळालं.

“दादा, एकदा त्या खुर्चीत बसा आणि समोर काय दिसतं ते मला कळवा.”

एवढंच. प्रकृती कशी आहे ते नाही, दुमारिसची चौकशी नाही. मला राग आला. मी कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि दुपारी पुन्हा काढून वाचलं.

तुझं बोलणं पहिल्यापासून असंच. सुगीच्या सणाला वेदीपाशी उभा राहून तू म्हणालास, “शास्त्रात मंडळीला नवरी म्हटलंय. मग ख्रिस्त कोण? नवरा. मुलगी कुणाची? आपली. म्हणजे आपण मुलगी देणारे, आणि तो आपला जावई. आता जावयाची जागा कुठं असते ते लुंबान सिलोत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सासरवाडीच्या कार्यात लाकडं कोण फोडतो? पाणी कोण भरतो? सगळ्यांच्या मागून कोण जेवतो?” आधी लोक हसले. गिंडो उठून उभा राहिला. “यानं प्रभूला चुलीपाशी बसवलं!” आणि तू म्हणालास, “बसवलं नाही, अमांग. तिथं बसायला जागा कुठं असते?”

मग पाळकाचं जांबार तू परत पाठवलंस आणि मान मागितलीस. जावयांचा वाटा, डुकराची मान. ती घेऊन तू मागच्या दारानं बाहेर गेलास आणि चुलीपाशी उकिडवा बसून जेवलास. तुझ्या सख्ख्या भावाच्या सासरच्या माणसांदेखत. त्यानंतर वरून तुझ्या बदलीचा कागद आला, यात नवल काय?

पण तुझ्या कार्डामुळं एक गोष्ट लिहितो. सभेत “रुकार आहे” म्हणणारं ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मी असतो. पहिल्या वेळी मला खरंच काहीतरी जाणवलं होतं. पाण्याचा आवाज थांबल्यासारखा झाला होता. दुसऱ्या वेळी जाणवलं नाही, पण सगळे वाट बघत होते. परवाच्या सभेत मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी गिंडो म्हणाला, “नकार आहे.” तुंगकोतबद्दल. सगळ्यांना वाटलं, हो, आहे. अगदी तसंच वाटलं, जसं माझ्या वेळी वाटायचं.

मी म्हटलं, एवढ्यावर नको. मंडळीपुढं होऊ दे. त्याच्यापुढं मी पहिल्यांदाच एवढं बोललो. तो म्हणाला, होऊ दे मग.

येत्या रविवारी, झावळ्यांच्या उपासनेनंतर, निवाडा आहे.

मारिहोत


लुंबान सिलो,
१६ एप्रिल

हापोसान,

तू विचारलंस ते लिहितो. जसं झालं तसं.

उपासना संपली, तरी कुणी उठलं नाही. मंडळीत जेवढे हात काम करतात तेवढे सगळे आत होते. गिंडोनं चुलीपाशी राबणाऱ्यांनाही झाडून बोलावलं होतं. त्यांनीही ऐकावं म्हणून. ते मागच्या बाकांवर दाटीनं बसले. ओप्पुंग तिओरिदा कांदे सोलायची सुरी पदरात धरूनच आली होती. तुंगकोत सगळ्यात शेवटी, मागच्या दारानं आला. त्याला बहुतेक वाटलं, आरोपीनं पुढच्या दारानं येऊ नये. दार त्यानं उघडंच टाकलं.

तो खुर्चीच्या एका बाजूला उभा राहिला. कपडे कोरडे होते. खुर्ची ओली होती. सगळ्यांनी पाहिलं.

गिंडो म्हणाला, “यानं हात सकाळीच पुसले असतील.”

“अमांग, मी रोजच पुसतो,” तुंगकोत म्हणाला. “तुमच्या नातीच्या लग्नातही पुसले होते. तुम्हाला पाणी वाढण्याआधी.”

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. दुमारिस असावी.

“जिभेला हाड नाही याच्या! याचा निवाडा आपण करायचा नाही. ज्याची खुर्ची त्यानं करायचा.” गिंडो माझ्याकडं वळला. “खुर्ची बोलत नाही. पण मारिहोत, तू तिचा आवाज ओळखतोस. ऊठ. मंडळीदेखत तिच्यात बस. तो तुझ्या तोंडून बोलेल.”

त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. माझ्या तोंडून माझा जावई जावा. म्हणजे पुढं कुणाला काही बोलायला जागा नको.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण तुझं कार्ड खिशात होतं.

मी बसलो. पाणी विजारीतून आत आलं. ते गार असेल असं मला वाटलं होतं. ते कोमट होतं, नुकते कुणी हात धुतल्यासारखं.

आणि मग समोर पाहिलं. इतकी वर्षं मी त्या चर्चमध्ये बसतो, पण तोंड नेहमी वेदीकडं. खुर्चीतून वेदी दिसत नाही. मंडळीची तोंडं दिसतात, आणि त्यांच्या डोक्यांवरून, सरळ रेषेत, तुझं दार. दारातून स्वयंपाकाचं छप्पर. दुसरं काही नाही. मुख्याच्या जागेवरून फक्त चूल दिसते. तू ते दार का पाडलंस ते मला कळलं, हापोसान, आणि मी तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

छपरात एक माणूस होता.

माझ्याकडं पाठ करून, घमेल्यावर वाकून, ताटं घासत होता. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. ऊन होतं, धूर नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यानं एक ताट उचलून उजेडाकडं धरलं, फिरवून पाहिलं, पालथं ठेवलं, दुसरं घेतलं. मी मागच्या बाकांवर नजर फिरवली. छपरातले सगळे आत होते. माझ्याकडं बघत होते. दाराकडं सगळ्यांच्या पाठी होत्या.

“काय म्हणतो प्रभू?” गिंडोनं विचारलं.

छपरातल्या माणसाचे हात थांबले. त्यालाही हाक ऐकू आल्यासारखं. त्यानं पाठ सरळ केली आणि तो मान वळवू लागला.

मी डोळे मिटले.

“मारिहोत! काय म्हणतो तो?”

माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, “तो येथे नाही.”

हे शब्द कुठले, ते तुला सांगायला नको. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी देवदूतानं बायकांना सांगितलेले. मंडळीलाही कळलं. गिंडोचा आवाज एकदम बारीक झाला. “मग कुठंय?”

मी उठलो आणि बाकांच्या मधून दाराकडं चालू लागलो. माझी विजार मागून भिजलेली होती. ओप्पुंग तिओरिदा मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, सिंतुआंचंही ओलं झालं! म्हणजे बसणाऱ्यामुळं खुर्ची भिजत नाही. खुर्चीमुळं बसणारा भिजतो.” लोक हसले. भ्यालेली माणसं हसतात तसे.

छपरात कुणी नव्हतं. ताटं पालथी रचलेली होती. घमेल्यातलं पाणी अजून गोल फिरत होतं. त्यात राख होती, अंदालिमानच्या मसाल्याचा वास होता. काठाशी एकच ताट उरलेलं, खरकटं.

मी बाह्या वर सारल्या आणि ते घासलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. मागं पाहिलं तेव्हा दारात तुंगकोत उभा होता, आणि त्याच्यामागं दुमारिस, आणि जेवढी मंडळी त्या दारात मावेल तेवढी.

“अमांग,” तुंगकोत म्हणाला, “राख थोडी कोरडी घ्यायची. असं नुसतं सारवल्यासारखं होतं.”

मारिहोत


लुंबान सिलो,
१३ मे

प्रिय हापोसान,

उत्तम शुक्रवारी तुंगकोतनं प्रभुभोजन घेतलं. मत घेतलं नाही. कुणी विचारलंच नाही. भाकर मी फिरवली. त्याच्यापाशी आलो तेव्हा भाकर पुढं केली. त्यानं खालून माझं मनगट धरलं.

गिंडो आला नाही. आदल्या दिवशीच तो घरच्यांना घेऊन बोटीनं पलीकडच्या गावी गेला. जाताना मला म्हणाला, “तुझ्या बायकोनं हे पाहिलं नाही हे बरं झालं.” अजूनही त्याच्यापुढं माझा आवाज चढत नाही. त्यांचे बाक रिकामे आहेत. ते मला रोज दिसतात. हे मी जिंकलं असं समजू नकोस.

खुर्ची आता छपरात आहे. ओप्पुंग तिओरिदा तिच्यात बसून लसूण सोलते. एकानं हटकलं, तर म्हणाली, “मेल्या, उलोस कोण कुणाला घालतं? सासरा जावयाला. खुर्चीवर आम्ही उलोस घातला तेव्हा तुम्ही सगळे सिंतुआ डोळे मिटून बसला होता. जावयाच्या खुर्चीत सासूनं बसलेलं चालतं.” बैठक आता कोरडी असते.

सभाही आम्ही तिथंच घेतो, काम करता करता. रुकार, नकार म्हणत नाही. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं आपल्या नावानं म्हणायचं. वाद पुन्हा दुपारभर चालतात. डोळ्यांत धूर जातो.

पुनरुत्थानाच्या रविवारी डुक्कर कापलं. वाटे घालताना जबड्यापाशी सगळे थांबले. कुणाला द्यायचा? शेवटी दुमारिसनं तो उचलून आमटीत टाकला. मान मात्र तुंगकोतनं बाजूला काढली. जावयांचा वाटा म्हणून तिचे तुकडे केले, राबणाऱ्यांना दिले, आणि एक तुकडा ताटात घालून चुलीमागं ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

जेवणं उरकून आम्ही छपरात गेलो तेव्हा तुकडा नव्हता. ओप्पुंग म्हणते, कुत्र्यानं नेला. नेला असेल. पण कुत्रं ताट धुऊन पालथं घालत नाही.

दुमारिस बोलू लागली आहे. अजून कमी, पण माझ्याकडं तोंड करून.

तू विचारलंस त्याचं उत्तर दिलं. आता माझं ऐक. नवा पाळक आम्ही मागितलेला नाही. वर कळवलं आहे की आमचा आम्हाला द्या. ते काय करतील ते करोत, तू बोटीत बस.

ताटं मी धुतो. रविवारी, सगळी. मला अजून नीट जमत नाही. धुताना वर बघत नाही. डावीकडून एकेक ताट पुढं येतं, मी घेतो, घासतो, ठेवतो. ते देणारा हात तुंगकोतचा नसतो. तो तेव्हा विहिरीवर असतो, कळशीचा आवाज मला ऐकू येतो. पहिल्या दिवशी मला तिथून पळावंसं वाटलं. पण ताटं संपली नव्हती.

तुझी जागा ठेवली आहे, माझ्या उजवीकडं. डावीकडची घेतलेली आहे.

तुझा भाऊ,
मारिहोत